घरातली तालीम

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. एक होते पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन किती, याचा जो निर्देशांक डॉक्टर काढतात तो दोघांचाही सारखाच होता: २२.३. दिसायलाही दोघे सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावायचे, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण आपल्या जन्माच्याही आधी जाऊन पोचतं. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३पासून याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. ही बाळं लहान होती, पण सगळ्या बाजूंनी सारखी लहान नव्हती. त्यांचे स्नायू बरेच कमी होते. चरबी मात्र त्या मानाने टिकून होती.

व्यायामाच्या प्रकरणाची सुरुवात या फोटोने केली, कारण ‘मी तर बारीकच आहे, मला कशाला हवा व्यायाम?’ हा प्रश्न आपल्याकडे फार ऐकू येतो. बारीक माणसाचेही स्नायू कमी असू शकतात, आणि ते कमी असण्याची किंमत मोजावी लागते. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. त्यातून तिशीनंतर काहीच केलं नाही तर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात, साठीनंतर अधिक वेगाने. रोजच्या चालण्याने हृदयाचं आणि फुप्फुसांचं भलं होतं, पण ही घट त्याने पुरती थांबत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मोठ्या माणसांसाठी जो सल्ला दिला त्यात दोन भाग आहेत: आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम, आणि शिवाय निदान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम. पहिला भाग मॉर्निंग वॉकच्या रूपाने आपल्या घराघरांत पोचला. दुसरा जिमच्या दाराशी अडला.

अडण्याची कारणं खरी आहेत, ती आळसाच्या खात्यात टाकून चालणार नाही. विरारहून किंवा बदलापूरहून रोज मुंबईला येणाऱ्या माणसाचे तीन-चार तास लोकलमध्येच जातात. पाळीत काम करणाऱ्या नर्सला उद्याची वेळ आज सांगता येत नाही. जिमची फी, जायचा-यायचा वेळ, वर प्रोटीन पावडरचा डबा, हे सगळं महिन्याच्या हिशेबात बसवायचं तर दुसरं काहीतरी कापावं लागतं. तेव्हा आधी हे पाहू या की ताकद वाढायला मुळात लागतं तरी काय.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात गुडघ्याला इजा झालेल्या सैनिकांची गर्दी झाली होती. शस्त्रक्रिया व्हायची, जखम भरायची, पण मांडी सुकलेलीच राहायची. तेव्हाची रीत अशी की हलकं वजन घेऊन पाय पुष्कळ वेळा हलवायचा. महिनेच्या महिने जायचे आणि खाटा अडकून राहायच्या. तिथले तरुण डॉक्टर थॉमस डेलॉर्म लहानपणी ऱ्हुमॅटिक तापाने अंथरुणाला खिळले होते आणि त्यातून उठल्यावर वजनं उचलून त्यांनी शरीर कमावलं होतं. त्यांनी सैनिकांच्या पायाला लोखंडी बूट बांधले आणि वजन इतकं ठेवलं की कसंबसं दहा वेळाच उचलता यावं. दहा वेळा सहज जमू लागलं की वजन वाढवायचं. मांड्या भरू लागल्या, सैनिक लवकर घरी जाऊ लागले. १९४५ साली डेलॉर्म यांनी ही पद्धत छापून प्रसिद्ध केली तेव्हा ते दहादहाच्या सात-सात फेऱ्या सांगत होते. तीन वर्षांनी आर्थर वॉटकिन्स यांच्याबरोबर लिहिताना त्यांनी स्वतःच तो आकडा खाली आणला: इतक्या फेऱ्यांची गरज नाही, दहाच्या तीन पुरेत. आज जगभरच्या जिममध्ये ‘दहाचे तीन सेट’ चालतात, त्यांचं मूळ या रुग्णालयात आहे.

या गोष्टीतल्या लोखंडी बुटांना फारसं महत्त्व नाही. महत्त्व आहे ते भार चढता ठेवण्याला. स्नायूला जड वाटेल इतकं काम द्यायचं, एक-दोन दिवस सावरू द्यायचं, आणि ते काम सोपं झालं की थोडं अवघड करायचं. पहिल्या पाच-सहा आठवड्यांत जी ताकद वाढते तिचा बराचसा भाग मज्जासंस्थेचा असतो. मेंदू त्याच स्नायूंतले अधिक तंतू एकाच वेळी कामाला लावायला शिकतो. स्नायूची जाडी नंतर दिसते. म्हणून महिनाभराने आरशात फरक दिसला नाही तरी जिना चढताना जाणवतो, आणि तो खरा असतो.

आता आपल्या तालमीकडे वळू. घरी, बिनखर्चात ताकद कमवायची म्हटली की मराठी माणसाच्या तोंडी जोर-बैठका येतात, आणि ते रास्त आहे. पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला आणि आपल्या संस्थानातल्या शाळांत तो सक्तीचा केला. अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं, तिथल्या पथकाने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी या सगळ्या विद्येचा दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश मराठीत काढला. आणि १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरच्या लाल मातीतून वर आले. घरच्या व्यायामाचा विचार करताना हा वारसा बाजूला ठेवून परक्या नावांचे व्यायाम शोधत बसायचं काही कारण नाही.

मात्र तालमीतला एकच तुकडा उचलून घरी आणला की गफलत होते. पैलवान जोर-बैठका शेकड्यांनी मारतो हे आपण ऐकलेलं असतं, म्हणून घरी आपणही आकड्याच्या मागे लागतो. आज पंचवीस, पुढच्या महिन्यात पन्नास, मग शंभर. सुरुवातीला ताकद वाढते. पण जो व्यायाम सलग पन्नास वेळा आरामात जमतो त्याने पुढे मुख्यतः दम वाढतो. पैलवानाला तो दम हवाच असतो, कारण त्याला कुस्ती खेळायची असते. त्याच्याकडे सकाळ-संध्याकाळचे तास असतात, मालिश असतं, दुपारची झोप असते. ज्याच्याकडे पंचवीस मिनिटं आहेत त्याने संख्या वाढवण्यापेक्षा प्रत्येक जोर आणि प्रत्येक बैठक जड करावी.

दुसरी गोष्ट माझ्या मते याहून महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे कमी लक्ष जातं. तालमीत जोर-बैठकांशिवाय आणखी बरंच काही होतं. हौद्यातली माती फावड्याने उकरायची आणि ओढायची. दोर चढायचा. मल्लखांबाला मिठी मारून अंग वर खेचायचं. जोडीदाराला मानेत हात घालून खेचायचं, कमरेत पकडून उचलायचं. म्हणजे ओढणं आणि वाकून उचलणं, या दोन्ही गोष्टी तालमीच्या रोजच्या मेहनतीतच मुरलेल्या होत्या. आपण घरी आणले ते जोर आणि बैठका. जोर म्हणजे ढकलणं, बैठक म्हणजे बसून उठणं. पाठीमागची सगळी बाजू, म्हणजे खांद्यांच्या फऱ्यांमधले स्नायू, पाठ, कुल्ले, मांडीचा मागचा भाग, हे जवळजवळ कोरडेच राहिले. सूर्यनमस्काराने अंग लवचिक होतं, दम वाढतो, खांदे-छातीला काम मिळतं. पण ओढणं त्यातही नाही. दिवसभर लॅपटॉपपुढे किंवा शिलाई मशीनपुढे पुढे झुकून बसणाऱ्याला नेमकी मागच्या बाजूच्या ताकदीची गरज सर्वांत जास्त असते.

तेव्हा घरच्या तालमीला चार कामं लागतात: बसून उठणं, ढकलणं, ओढणं आणि कमरेतून वाकून उचलणं.

बैठकीपासून सुरुवात करू. तालमीतली बैठक चवड्यांवर, हात झुलवत, झपाझप मारली जाते. ताकदीसाठी टाचा जमिनीला टेकवून, तीन मोजत खाली जा, क्षणभर थांबा आणि उठा. ज्यांना अजून उकिडवं बसता येतं त्यांना पूर्ण खाली जायला अडचण येणार नाही; ज्यांची ती सवय सुटली आहे त्यांनी खुर्चीवर टेकून उठावं आणि हळूहळू खुर्चीऐवजी बुटकं स्टूल घ्यावं. अशा पंधरा सावकाश बैठका नीट जमल्या की संख्या तिथेच ठेवून मागचा पाय पलंगावर ठेवा आणि एका पायावर खाली-वर व्हा. एका झटक्यात त्या मांडीवरचा भार जवळजवळ दुप्पट होतो. त्याच्यापुढे पाठीवर सॅक. सॅकमध्ये तांदळाच्या किंवा डाळीच्या एक-एक किलोच्या पिशव्या टाकल्या की आज किती वजन आहे हे नेमकं कळतं, आणि एकेक किलोने वाढवता येतं.

ढकलण्याच्या व्यायामात शरीर हेच वजन असतं, फक्त किती शरीर उचलायचं हे हातापायांच्या जागेवर ठरतं. साधा पुश-अप काढताना हातांवर अंगाच्या वजनाचा सुमारे ६४ टक्के भाग येतो. गुडघे टेकवले तर तो ४९ टक्क्यांवर येतो. हात दोन फूट उंचीवर, म्हणजे पलंगाच्या किंवा भक्कम टेबलाच्या कडेवर ठेवले तर ४१ टक्के. पाय तितकेच उंच ठेवले तर ७४ टक्के. म्हणजे साठ किलोच्या माणसाकडे २५ किलोपासून ४४ किलोपर्यंतची वजनं फुकटात हजर आहेत. ज्यांना एकही पुश-अप निघत नाही त्यांनी ओट्याच्या कडेला हात टेकवून सुरू करावं, मग पलंग, मग पाट, मग जमीन. गुडघे टेकवण्यापेक्षा मी ही वाट सुचवीन, कारण तिच्यात डोक्यापासून टाचेपर्यंत अंग ताठ ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लागते. जोर हवे असतील तर नंतर जरूर घ्या. खांद्यांना ते फार चांगले, पण मनगट आणि कंबर आधी तयार असलेली बरी.

ओढणं घरात सर्वांत अडचणीचं, म्हणून त्याच्यावर थोडा जास्त वेळ घालवू. जवळच्या मैदानात सिंगल बार असेल किंवा पालिकेच्या बागेत व्यायामाची साधनं बसवली असतील तर आठवड्यातून दोनदा तिथे जाणं सोयीचं. लटकून वर जाता येत नसेल तर स्टुलावरून वरच्या स्थितीत जा आणि पाच मोजत सावकाश खाली उतरा. उतरतानाही तेच स्नायू राबतात आणि बहुतेकांना चढण्याआधी उतरणं जमतं. घरीच करायचं असेल तर जुनी जाड सुती चादर घ्या, तिच्या एका टोकाला मोठी गाठ मारा, गाठ दाराच्या वरच्या कडेपलीकडे टाका आणि दार बंद करून कडी लावा. दार आपल्यापासून पलीकडे उघडणारं हवं, म्हणजे आपण ओढलं की ते चौकटीत अधिक घट्ट बसतं. चादरीचं लोंबतं टोक दोन्ही हातांनी धरून मागे झुका आणि छाती दाराकडे खेचा. पाय दाराच्या जितके जवळ सरकवाल तितकं अंग आडवं होतं आणि भार वाढतो. दाराच्या बिजागऱ्या खिळखिळ्या असतील तर हा प्रयोग नको. तेव्हा एक हात खुर्चीवर टेकवून वाका आणि दुसऱ्या हाताने भरलेली सॅक किंवा पाण्याचा कॅन कमरेकडे ओढा. खायच्या तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन पाण्याने भरला की पाच किलो. कोरड्या वाळूने भरला तर आठ किलोच्या आसपास. खर्च करायचाच असेल तर पहिला खर्च रबरी बँडवर करावा, कारण काही शे रुपयांत तो नेमकी ओढण्याची उणीव भरून काढतो. डंबेल्स त्यानंतर.

चौथं काम, वाकून उचलणं, आपण दिवसातून अनेकदा करतो आणि बहुतेकदा चुकीचं करतो. भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभे राहा. गुडघे किंचित सैल ठेवून कुल्ले मागे न्या आणि भिंतीला टेकवा. पाठ सरळच राहिली पाहिजे, पुढे झुकेल पण गोल होणार नाही. मांडीच्या मागे ताण जाणवला की बरोबर झालं. रिकाम्या हाताने आठवडाभर एवढंच करा. मग दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचे कॅन, मग भरलेली सॅक, मग जमत गेल्यास वीस लिटरचा पाण्याचा जार. याच्या शेवटी दोन्ही हातांत वजन घेऊन घरातल्या घरात मिनिटभर चाला. पकड, खांदे, पोट, सगळ्यांना त्यात काम मिळतं. पकडीला कमी लेखू नका. २०१५ साली १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या पाहणीत, ज्यात भारतही होता, पकडीची ताकद दर पाच किलोने कमी असेल तसा मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी जास्त आढळला. पकड घट्ट केली म्हणून आयुष्य वाढतं असा याचा अर्थ नाही. अंगातल्या एकूण ताकदीचा अंदाज ती फार चांगला देते.

पोटाच्या व्यायामांबद्दल इथे वेगळं काही सांगत नाही. पुश-अपमध्ये अंग ताठ धरलं आणि वजन घेऊन चाललात तर पोटाला पुरेसं काम मिळतं, आणि पोटाच्या व्यायामाने पोटावरचीच चरबी झडत नाही.

आता वेळेचं गणित. बैठक आणि ओढणं यांची एक जोडी करा, ढकलणं आणि उचलणं यांची दुसरी. बैठका झाल्या की मिनिटभर श्वास घ्या आणि ओढायला लागा. पाय विसावतात तोवर पाठ राबते. दोन्ही जोड्यांच्या तीन-तीन फेऱ्या वीस-पंचवीस मिनिटांत होतात. आठवड्यातून दोन दिवस पुरेत, तीन जमले तर उत्तम, मध्ये एक दिवस मोकळा असावा. एवढाही वेळ सलग मिळत नसेल तर तुकडे पाडा: आंघोळीआधी एक फेरी, कुकरच्या शिट्ट्या होईतो एक, रात्री जेवणाआधी एक. स्नायूला फेऱ्या एका दमात झाल्या की दिवसभरात विखरून, याने फारसा फरक पडत नाही. रिक्षा चालवणाऱ्या किंवा दुकानात उभं राहणाऱ्या माणसाला ही विखुरलेली रीतच सोयीची पडेल.

फेरीत किती वेळा करायचं, हा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात. आठ असोत की वीस, आणखी दोन-तीनच निघतील असं वाटेल तिथे थांबायचं, हा खरा नियम आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात स्टुअर्ट फिलिप्स यांच्या गटाने ४९ तरुणांवर बारा आठवडे प्रयोग केला. निम्म्यांनी जड वजन आठ-बारा वेळा उचललं, निम्म्यांनी हलकं वजन वीस-पंचवीस वेळा, आणि दोघांनीही अगदी दमेपर्यंत उचललं. स्नायू दोन्ही गटांत सारखेच वाढले. २०१६ सालच्या या निष्कर्षाने घरी व्यायाम करणाऱ्यांचा मोठा प्रश्न सोडवला: वजन हलकं असलं तरी चालेल, शेवटचे तीन-चार अवघड वाटले पाहिजेत. पाचशे किलोंची स्पर्धा जिंकायची असेल तर जड लोखंड लागेलच. घरातल्या माणसाचं त्यावाचून अडत नाही.

यासाठी एक वही ठेवा. तारीख, व्यायाम, किती वजन, किती वेळा, एवढंच. मोबाइलवरही लिहिता येतं, पण मोबाइल हातात घेतला की व्यायामाची पंचवीस मिनिटं कुठे जातात ते सांगायला नको. मागच्या वेळचा आकडा समोर असला की आज एक जास्त काढायचा की एक किलो वाढवायचं, हे दोन क्षणांत ठरतं. वही नसेल तर माणूस महिनोन् महिने तेच वजन तितक्याच वेळा उचलत राहतो.

खाण्याच्या बाबतीत पैलवानाच्या खुराकाने आपल्याला उगाच घाबरवून ठेवलं आहे. बदाम, थंडाई, दूध, तूप, मटण यांच्या गोष्टी ऐकून गरीब घरातला मुलगा व्यायामाच्या वाटेलाच जात नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद सर्वसाधारण माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगते. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याने १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत जावं, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ७० ते ९५ ग्रॅम. दोन अंड्यांत १२ ग्रॅमच्या आसपास मिळतात, पाव लिटर दुधात ८, मूठभर म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाण्यांत ७, पन्नास ग्रॅम कोरड्या सोयावडीत २५. ज्वारीच्या एका भाकरीत पाच-सहा ग्रॅम असतात आणि वाटीभर पिठल्यात आठ-नऊ. कोकणपट्टीत सुकट-बोंबील हा या हिशेबाने फार स्वस्त सौदा. शाकाहारी घरात सोयावडी आणि डाळी यांच्यावर भर दिला, आणि पातळ वरणाऐवजी घट्ट वरण वाढलं, तर पावडरच्या डब्याशिवाय हा आकडा गाठता येतो. प्रथिनांची ही भर दुपारच्या आणि रात्रीच्या दोन्ही जेवणांत पडली पाहिजे. आपल्याकडे पोहे-चहाचा नाश्ता जवळजवळ प्रथिनांविना जातो, त्यात शेंगदाणे सढळ हाताने घालावेत.

धोके थोडे आहेत, पण ते माहीत हवेत. जोशात पहिल्याच दिवशी दोन-तीनशे बैठका मारण्याची पैज लागते, विशेषतः होस्टेलवर आणि मंडळांत. न सरावलेल्या माणसाच्या स्नायूंच्या पेशी त्याने मोठ्या प्रमाणावर फुटू शकतात आणि त्यातली द्रव्यं मूत्रपिंड बंद पाडू शकतात. असह्य दुखणं, सूज आणि गडद तपकिरी लघवी दिसली तर ताबडतोब रुग्णालय गाठायचं. दुसरी गोष्ट श्वासाची: जोर लावताना श्वास सोडा, कोंडू नका, कोंडला की रक्तदाब एकदम चढतो. रक्तदाब ताब्यात नसेल, छातीत दुखत असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. दुसऱ्या दिवशी स्नायू दुखणं साहजिक आहे, सांध्यात कळ येणं नाही. गुडघा नुसता कटकट वाजत असेल आणि दुखत नसेल तर काळजी नको.

घरातल्या बायकांना मात्र एक वाक्य हमखास ऐकवलं जातं: दिवसभर काम करतेस, तोच तुझा व्यायाम. घरकाम कष्टाचं आहे यात शंका नाही. पण बादली तीच, हंडा तोच, वीस वर्षं त्याच वजनाचा. भार चढता नाही, म्हणून शरीर दमतं, पण अधिक बळकट होत नाही. आणि पाळी थांबल्यानंतर हाडं झपाट्याने विरळ होऊ लागतात. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या संशोधकांनी हाडं विरळ झालेल्या १०१ स्त्रियांपैकी एका गटाला आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, जड वजनं उचलायला लावली. आठ महिन्यांनी त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता सुमारे ३ टक्क्यांनी वाढली होती. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली होती. जड वजनांना असं देखरेखीचं पाठबळ घरी मिळणार नाही, म्हणून चढण सावकाश ठेवावी लागेल. पण ती पंचवीस मिनिटं घरातल्या इतरांनी तिला मोकळी करून दिली पाहिजेत. तिच्या झोपेतून ती कापायची नाहीत.

वय झालं, आता काय, असं म्हणणाऱ्यांसाठी बॉस्टनचा दाखला पुरेसा आहे. १९९० साली मारिया फियातारोन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वयाच्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे मांड्यांचा ताकदीचा व्यायाम दिला. एक जण मधेच थांबला. उरलेल्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे अडीच पटीहून जास्त झाली, आणि दोघांची काठी सुटली. आपल्या घरातल्या आजी-आजोबांना यातलं सर्वांत सोपं काम देता येईल: भिंतीला टेकवलेल्या, न सरकणाऱ्या खुर्चीतून हात न लावता उठणं आणि सावकाश बसणं. हाताचा आधार लागत असेल तर लागू दे. आधी पाच वेळा, मग आठ, मग दहा, आणि दहा सहज झाले की छातीशी एक किलोची पिशवी धरून. शेजारी कोणीतरी उभं असावं. शौचालयातून आपलं आपण उठता येणं, यावर म्हातारपणातलं स्वातंत्र्य फार अवलंबून असतं.

शेवटी खंडाबद्दल. तो पडणारच. गणपतीचे दहा दिवस, मुलांच्या परीक्षा, गावचं लग्न, पावसाळ्यातला ताप. दोन-तीन आठवड्यांच्या सुट्टीने ताकद फारशी उतरत नाही, आणि एकदा कमावलेली ताकद दुसऱ्यांदा पहिल्यापेक्षा लवकर येते. डेंग्यू-चिकनगुनियासारखा ताप असेल तर अंगात त्राण येऊन जेवण पूर्ववत होईपर्यंत थांबा. मग वहीत नवी तारीख घाला, सुटण्याआधी जेवढं वजन होतं त्याच्या साधारण निम्म्यावर या, तीनऐवजी दोनच फेऱ्या करा, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत एकेक किलोने वर चला.